आधी चेअरमनबाईंचा नमुना

युसूफ वडगाव
१८ नोव्हेंबर २०१२

सरू,

जय भीम. तुझं पत्र मिळालं. सख्ख्या बहिणीचं पत्र नऊ वर्षांनी आलं म्हणून दोनदा वाचलं. आनंद झाला म्हणून नाही.

फोनवर बोलू, असा निरोप तू माझ्या लेकीकडे, विशाखाकडे दिलास. फोनवर तू बोलतेस आणि समोरच्याने ऐकायचं असतं. पत्रात तो त्रास नाही, म्हणून मी पत्रच लिहिणार.

तू परदेश सोडून पुण्याला आलीस, तिथल्या संस्थेने सिकलसेलवर काम करायला तुला पाच वर्षं दिली, हे मला आधीच कळलं होतं. तू आणि विशाखा तासतासभर बोलता. ती फोन घेऊन गच्चीवर जाते. तिला वाटतं मला ऐकू येत नाही. ती माझ्याशी एवढं बोलली तर मी दिनदर्शिकेवर खूण करून ठेवीन.

गावात रक्त तपासायचं शिबिर घ्यायचं आहे आणि त्यासाठी आमच्या महिला दूध संस्थेची जागा हवी, असं तू लिहितेस. जागा मिळेल. संस्थेची चेअरमन मी आहे. लाइट आहे, जनरेटर आहे, बसायला सतरंज्या आहेत. दूध मात्र फारसं नाही. पावसाने यंदा तोंड दाखवलं नाही. बायका म्हशी विकताहेत, नाहीतर चारा छावणीवर नेऊन बांधताहेत.

आता एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे पुढे मनात राहणार नाही. विशाखा चार वर्षांची असताना तिला सिकलसेल निघाला. मी तुला तिकडे कळवलं. तुझं उत्तर आलं की तू दुसऱ्या आजारावर काम करतेस, सिस्टिक फायब्रोसिस. मी पुस्तकं आणून वाचलं. पेशीत मिठाची ये-जा होण्याचं एक दार असतं, ते नीट उघडत नाही. फुफ्फुसात चिकट कफ साचतो. लेकराचा पापा घेताना आईला खारट लागतं. गोऱ्या लोकांत जास्त. आजार वाईट आहे, मी नाही म्हणत नाही. रीतही आपल्या आजारासारखीच, एक खराब जनुक आईकडून, एक बापाकडून. पण त्यांच्यातल्या काही रुग्णांसाठी यंदा नवीकोरी गोळी निघाली, आणि तू आमच्यासाठी आणते आहेस ती कॅन्सरची जुनी गोळी. हे मी पेपरात वाचलं. तू तुझी चांगली वर्षं त्या लेकरांना दिलीस. उरलेली इकडे आणलीस. बरं केलंस.

याचं उत्तर द्यायची गरज नाही. शिबिराची तारीख कळव.

मुक्ता


युसूफ वडगाव
९ जानेवारी २०१३

सरू,

शिबिर पार पडलं. दूध संस्थेत एवढी गर्दी बोनसच्या दिवशीसुद्धा होत नाही.

तुझ्या माणसांना वाटलं, डॉक्टरीणबाई येणार म्हणून बायका आल्या. तो गैरसमज राहू नये म्हणून सांगते. आदल्या आठवड्यात रोज संध्याकाळी दूध घालायला आलेल्या बायकांना मी माइकवर समजावत होते. घाबरायचं नाही. जसा दुधाचा नमुना देता, तसाच रक्ताचा नमुना द्यायचा. त्यावरून कोणाला औषध द्यायचं ते ठरेल. एवढं सोपं करून सांगितलं म्हणून त्या आल्या. तुझ्या छापील पत्रकातलं 'हिमोग्लोबिन विकृती' वाचून त्यांनी त्या कागदाने चूल पेटवली असती.

तुझा सत्कार ठेवलाय, हे मला आधी माहीत नव्हतं. गावपुढारी सुंदररावांनी अठरा वर्षं माझी संस्था बंद पाडायला बघितली. बायकांच्या हातात डेअरी गेली तर गावाचं नाक कापलं जाईल, असं म्हणायचे. ते तुझ्यासाठी शाल-श्रीफळ घेऊन हजर. खुर्ची त्यांच्या घरून, कुशन लावलेली. मला म्हणाले, "बाई, तुमी कवा सांगितलं न्हाई, सरूबाई तुमच्या बहीण हायेत म्हनून." गाव छोटं आहे, सरू. त्यांना माहीत होतं. पण बोलायची वेळ आता आली.

दुसऱ्या दिवसापासून मी सरूबाईची बहीण झाले. तीस वर्षं हायस्कूलमध्ये शिकवलं, अठरा वर्षं संस्था चालवली. बाजारात भाजीवाला म्हणतो, सरूबाईच्या बहिणीला ताजी मेथी द्या.

तुझं भाषण मी शेवटच्या रांगेतून ऐकलं. तू म्हणालीस, "मी पहिल्यांदा रक्तपेशी पाहिल्या त्या केजच्या शाळेच्या मायक्रोस्कोपखाली, आणि तेव्हाच माझा रस्ता ठरला." टाळ्या पडल्या. तो मायक्रोस्कोप प्रयोगशाळेच्या कपाटातून कोणी काढला? काच कोणी पुसली? ते रक्त कोणाच्या बोटाचं होतं? मी बी.एस्सी. होऊन नुकतीच शाळेत लागले होते. औरंगाबादला एम.एस्सी.ला नाव लागलं होतं, आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आले होते. अण्णा म्हणाले होते, पुढे एकीलाच शिकवता येईल, धाकटीला शिकवू. मी हूं का चूं केलं नाही. तू दहावीत होतीस, रक्त बघायचं म्हणालीस. सुई बघून रडायला लागलीस, म्हणून मी माझ्या बोटाला टोचलं.

तू त्याच शाळेचं नाव घेतलंस. चांगलं केलंस. शाळेला बरं वाटलं असेल.

विशाखा पूर्ण वेळ तुझ्या शेजारी बसून नळ्यांवर नावं लिहीत होती. तिचं अक्षर सुंदर आहे. मीच गिरवून घेतलं आहे.

मुक्ता


युसूफ वडगाव
२ मार्च २०१३

सरू,

अहवाल मिळाला. अख्ख्या गावात चारच रुग्ण निघाले, त्यामुळे उपचार केंद्र इथे उघडता येणार नाही, ते धर्मापुरीकडे जाईल. केंद्र म्हणजे दर महिन्याला रक्त बघायचं, गोळी द्यायची, आणि कमी मात्रेत ती खेड्यातल्या माणसाला लागू पडते का हे तपासायचं. तुझं संशोधन मला समजलं आहे. त्यासाठी ठरावीक रुग्ण एका ठिकाणी लागतात, हेही समजलं.

अहवालात तुझं आणि माझंही नाव आहे. मी वाहक. म्हणजे माझ्यात अर्धा दोष आहे, मला त्रास नाही, पण विशाखाला तिचा एक वाटा माझ्याकडून गेला आणि दुसरा तिच्या वडिलांकडून. ते मला सोळा वर्षांपासून माहीत आहे. तुझा रकाना मात्र पहिल्यांदा बघितला. तू स्वच्छ आहेस.

अण्णांची दोन एकर जमीन आपण निम्मी निम्मी घेतली. आईची भांडी तू नको म्हणालीस. हे एकच असं होतं की जे वाटताना कोणी बघितलं नाही, आणि ते सगळं माझ्या पदरात आलं. तुझा यात दोष नाही. मला शास्त्र कळतं. दर वेळी निम्मी निम्मी शक्यता असते. पण शास्त्र कळून पोटातली आग विझते असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं मी वाचलं नाही.

विशाखाला गेल्या आठवड्यात दुखण्याचा जोराचा झटका आला. मांड्या, पाठ, छाती. अंबाजोगाईला नेलं. सलाइन लावल्यावर उतार पडला. पाणी कमी पडलं की तिच्या वाकड्या रक्तपेशी शिरांत अडकतात, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कमी पिते का?" मी म्हटलं, घरात टँकरचं पाणी येतं, पण तिचा हंडा वेगळा ठेवलेला असतो, त्याला कोणी हात लावत नाही. घरी आल्यावर कळलं. तो हंडा ती स्वतःच रिकामा करत होती. दुपारी मी संस्थेत गेले की म्हशीला पाजायची. मी विचारलं तर म्हणाली, "ती हंबरते, आई. मी हंबरत नाही."

तेव्हापासून मी तिच्यासमोर तांब्या घेऊन उभी राहते आणि संपेपर्यंत हलत नाही. यांनी म्हैस छावणीवर नेऊन बांधली.

आता तुझ्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल. 'विशाखाला माझ्याकडे पाठव, पुण्यात उपचार नीट होतील, पाण्याचा प्रश्न नाही.' नाही. तुझ्याकडे नळ आहे हे मला माहीत आहे. वीस वर्षं तिचे गुडघे मी शेकले. रात्र रात्र बसले. आता गोळी निघाली, तर पोर बरी होणार तुझ्या घरात? आणि पाहुण्यांना तू सांगणार, ही माझी भाची, आली तेव्हा कशी होती बघा?

एक गोष्ट मात्र मला खटकते. दगडाबाईची धाकटी सून बायना. दर महिन्याला तळमळते, डोळे हळदीसारखे पिवळे. तिचा अहवाल निर्दोष कसा? तुझ्या प्रयोगशाळेत चूक झाली असेल तर बघ. मोठ्या प्रयोगशाळेतही चुका होतात.

मुक्ता


युसूफ वडगाव
१९ मार्च २०१३

सरू,

चूक तुझ्या प्रयोगशाळेची नाही. नीट वाच, कारण हे तुला तिथे बसून कधीच कळलं नसतं.

काल दगडाबाई दूध घालायला आली. दूध कसलं, तांब्याभर. मी तिला थांबवलं आणि बायनाचं विचारलं. शब्दाला शब्द लिहिते.

ती म्हणाली, "बायनाचं काय? नमुना तर लई चांगला निगाला म्हनं."

"तो नमुना बायनाचाच होता का?"

"नाव बायनाचंच सांगितलं की."

"रक्त कोणाचं होतं?"

"थोरलीचं." आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच अडाणी आहे. "बाई, तुमीच माइकवर म्हन्लतात, दुदाचा नमुना देता तसा रगताचा द्यायचा. मंग आटलेल्या म्हशीचा नमुना कोन देतं का? थोरलीचं रगत कसं लालभडक हाय. बायनाचं निस्तं पानी. तसला नमुना दिऊन औशिद भेटलं असतं व्हय?"

मी म्हटलं, "कावून केलं हे? इलाज बायनाचा करायचा होता ना?"

"म्हनून तर नाव तिचं सांगितलं. आन बाई, तीन डाव नमुना खराब निगाला की तुमीच खातं बंद करता. माजं केलतं तुमी, पोळ्याच्या तोंडावर. इसरल्या व्हय?"

शेजारी बायकांची रांग होती. सगळ्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग एकेक बोलायला लागली. म्हाळूच्या बायकोने नणंदेला पाठवलं होतं. एकीने तर शेजारीण आणली होती, का तर तिचे गाल लाल आहेत. आमच्या संस्थेतली ही जुनी चोरी आहे. नमुना एका चांगल्या म्हशीचा काढायचा आणि कॅनमध्ये सगळं पाणचट ओतायचं. अठरा वर्षं मी ती पकडत आले. पकडत आले म्हणूनच त्या या कामात पटाईत झाल्या.

काहींचं कारण वेगळं होतं. घरात लग्नाच्या मुली आहेत. "खराब निगालं तर पोरीला कोन करंल?" हेही खरं आहे.

म्हणजे गावात रुग्ण चार नाहीत. माझ्या अंदाजाने पाचपट असतील. म्हणजे तुझं केंद्र इथेच यायला हवं होतं.

हे कळूनही काल मी तुला पत्र लिहायला घेतलं नाही. का, तेही सांगते. मी हे तुला कळवलं नाही तर केंद्र धर्मापुरीला जाईल, विशाखाला दर महिन्याला दोन एसट्या बदलून न्यावं लागेल, आणि पुढच्या झटक्याला ती स्वतःच बॅग भरून तुझ्याकडे येईल. कळवलं तर तू पुन्हा येशील, पुन्हा कुशनची खुर्ची, पुन्हा शाल. दोन्हीकडून तूच. यांनी एकदाच विचारलं, "मुक्ते, चहात मीठ का टाकतेस?"

आज सकाळी बायनाला बैलगाडीत घालून नेताना बघितलं. ओरडायचंही त्राण नव्हतं. म्हणून लिहिते आहे, तुझ्यासाठी नाही.

माझी अट ऐक. शिबिर पुन्हा घ्यायचं. मी घेणार. तू यायचं नाहीस. तुझी माणसं, तुझी गाडी, तुझ्या नावाचा फलक, काही नको. रक्त काढायला आमच्या उपकेंद्राच्या कडूबाई सिस्टर आहेत. नळ्या पाठव आणि बर्फाची पेटी पाठव. मंजूर असेल तर चार ओळींत कळव.

मुक्ता


युसूफ वडगाव
१२ एप्रिल २०१३

सरू,

तू दोनच ओळी लिहिल्यास. 'मंजूर. नळ्या पाठवते. भाषणात तुझं नाव घेतलं असतं तर तू उठून निघून गेली असतीस, आक्का.' या तर तीन झाल्या. आणि हो, गेले असते. पण ते माझं मी ठरवलं असतं.

परवा संध्याकाळी नमुने घेतले. सोपं गेलं नाही. आधी कोणी यायलाच तयार नव्हतं. एकदा नमुना 'चांगला' निघालेला असताना पुन्हा कशाला, आणि आता खराब निघाला तर आधी खोटं बोलल्याचं बाहेर येणार. दगडाबाई दारातच बसून होती. आत पाय टाकीना.

मी त्यांना विचारलं, "म्हैस आजारी पडली की ढोरांचा डॉक्टर बोलावता. तो आला की गोठ्यातली सगळ्यात धट्टीकट्टी म्हैस त्याच्यापुढे करता का?"

"न्हाई," असं चारदोन जणी बोलल्या.

"मग? हा नमुना दर ठरवायचा नाही. हा डॉक्टरला दाखवायचा आहे. जिचं दुखतं तिनेच यायचं."

पटलं. पण उठलं कोणी नाही. पटणं आणि उठणं यात फरक असतो, हे मला वर्गात शिकवतानाच कळलं होतं.

आमच्या संस्थेचा एक नियम तुला माहीत नसेल. वर्षाच्या पहिल्या दिवशी, सगळ्यांसमोर, आधी चेअरमनच्या घरच्या दुधाचा नमुना लावायचा. जो आकडा येईल तो मोठ्याने वाचायचा. मगच बाकीच्यांचे. हा नियम मीच केला आहे. तर मी कपाटातून तुझा जानेवारीच्या शिबिराचा अहवाल काढला आणि माइक हातात घेतला.

म्हटलं, "हा माझा नमुना. माझ्या रक्तात अर्धा दोष आहे. विशाखाचं दुखणं निम्मं माझ्याकडून आलं. निम्मं तिच्या वडिलांकडून. ते तिथे बसलेत, विचारा."

हे उठून उभे राहिले. आयुष्यभर एसटीत कंडक्टर, गर्दीत बोलायची सवय आहे. म्हणाले, "बराबर आहे. दोघांचं मिळून एक तिकीट फाटलंय."

बायका हसल्या. सरूबाईची बहीण, बी.एस्सी. झालेली, कोणाच्याही दुधातलं पाणी पकडणारी, तिच्याच रक्तात खोट निघाली, याचा त्यांना आनंद झाला होता. मी बघत होते. मला तो आनंद ओळखू येतो. माझ्याकडे तो बराच असतो.

मग दगडाबाईने दारातून विचारलं, "आन सरूबाईंचं?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. खोटं सांगता आलं असतं. तू तिथे नव्हतीस.

"तिचं स्वच्छ आहे," मी म्हटलं.

कोणीतरी चुकचुकलं. "बगा. एका आईच्या पोटच्या."

मला माइक बंद करायचंही सुचलं नाही. तेवढ्यात दगडाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. म्हणाली, "मंग त्यांना काय कळतंय आपलं. ए बायना, ऊठ. बाईंच्याच हातानं दे." आणि सुनेचं मनगट धरून माझ्यापुढे आणून बसवली. "बाई, तुमी धरा हात. कडूबाई टोचंल. पर धरायचा तुमीच."

मी धरला. मग रांग लागली. सगळ्यांचे हात मीच धरले. काही पोरींनी नखं रुतवली, अजून वळ आहेत. ज्यांच्या घरी लग्नाच्या मुली आहेत त्यांचे नमुने नावाऐवजी क्रमांकाने घेतले. कोणता क्रमांक कोणाचा, हे मी आणि कडूबाई सोडून कोणाला कळणार नाही. तुलाही नाही. तुला आजार पुरेसा आहे, नावं कशाला?

त्या रात्री मला झोप चांगली लागली. खरं सांगायचं तर, तुझ्या रक्तात दोष नाही याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं. तुझ्याकडे नसलेली एक गोष्ट माझ्याकडे निघाली.

पेटी काल एसटीने पाठवली आहे. विशाखाने फोनवर कळवलंच आहे, बर्फ वितळायच्या आत सोडवून घेतली असशील.

मुक्ता


युसूफ वडगाव
२६ मे २०१३

सरू,

नवा अहवाल बघितला. माझा अंदाज पाचपटीचा होता, रुग्ण त्याहून थोडे जास्तच निघाले. केंद्र इथे आलं. जागा आमच्याच शीतगृहाची आहे. दूध एक तृतीयांशावर आलं, दूध संघाचा टँकर यायचा बंद झाला, तर ती खोली आणि फ्रीज रिकामेच होते. आता तिथे तुझ्या नळ्या असतात. बायना आणि बाकीच्यांना गोळी सुरू झाली. कडूबाई दर महिन्याला रक्त काढते. बायनाचे डोळे अजून पिवळेच आहेत, पण या महिन्यात तिला बैलगाडीत घालावं लागलं नाही. हा एकच महिना आहे, यावरून निष्कर्ष काढू नकोस. हे तुला सांगायला नको, तरी सांगितलं.

सुंदरराव फलक घेऊन आले होते. वर तुझं नाव, खाली त्यांचं, मोठ्या अक्षरात. मी परत पाठवला. दारावर खडूने 'रक्त तपासणी, सोमवारी' एवढंच लिहिलं आहे. महिला दूध संस्थेचा जुना फलक जागेवर आहे. दूध पुन्हा येईल तेव्हा नवा करावा लागू नये.

मला वाटलं, मी जिंकले. केंद्र दारात, गोळी दारात, विशाखाला पुण्याला जायचं काही कारण उरलं नाही. मी तिला म्हटलंही. ती अंगणात कपड्यांच्या घड्या घालत होती. माझे नाही, तिचे. तेव्हाच मी समजायला हवं होतं.

"गोळी आता इथेच मिळते," मी म्हटलं.

"गोळीसाठी नाही जात, आई. राहिलेलं बी.एस्सी. करायला जाते."

"ते अंबाजोगाईलाही होतं. तिथेच तर अर्धं टाकून आलीस."

"मावशीकडे मायक्रोस्कोप आहे."

"माझ्याकडेही होता."

"म्हणून तर," ती म्हणाली.

एवढंच.  मी आत येऊन भाकरीचं पीठ घेतलं. मला राग आला होता. कोणावर, ते शोधत होते. तुझ्यावर असायला हवा होता, नेहमीची जागा तीच. पण खरं सांगते, सरू, मला माझ्या पोरीचाच हेवा वाटला. तिला आई अंथरुणाला खिळली म्हणून कोणी परत बोलावणार नाही. तिला कोणी म्हणणार नाही, एकीलाच शिकवता येईल. ती आजारी असूनही निघाली. मी धडधाकट असून परत आले. पोटच्या पोरीचा हेवा करणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती. आता पाहिली.

हे यांना सांगितलं. हे म्हणाले, "तिकीट फाटलंय, मुक्ते. आता बेल मारायची."

विशाखा उद्या सकाळच्या गाडीने येते. हे केजला बसवून देतील. त्यांच्या वेळचा कंडक्टर आहे, म्हणाले, डबल बेल मीच मारणार. मी स्टँडवर जाणार नाही. सोमवार आहे, केंद्रात नमुने आहेत, बायका माझ्याशिवाय हात देत नाहीत.

तिच्याबरोबर हे पत्र आणि दोन डबे पाठवते. एकात शेंगदाण्याची चटणी आहे, ती तिची. दुसऱ्यात धपाटे आहेत. तुला आवडायचे. अजून आवडतात का ते माहीत नाही, म्हणून थोडेच दिले.

तिच्याबद्दल एकच सांगायचं आहे. बाकी सगळं तुला पुस्तकातून माहीत आहे. ती पाणी मागणार नाही. तुझ्या घरी चोवीस तास नळ असला तरी मागणार नाही. तिला तहान लागली का, असं विचारू नकोस, ती नाही म्हणेल. इथल्या पोरींना नाही म्हणायची सवय झाली आहे. तांब्या भरायचा, हातात द्यायचा आणि संपेपर्यंत समोर उभं राहायचं. कितीही काम असलं तरी. मी तसंच करते.

करशील ना?

आक्का